सापशिडी-लुडोचा पट मोठा केला की घरं जुळत नाहीत? या क्रमाने तपासा

गणपती, शाळेचं गॅदरिंग आणि मे महिन्यातली शिबिरं, या मोसमांत आमच्या डीटीपीच्या टेबलावर एक काम ठरलेलंच. कुणीतरी घरातला सापशिडीचा नाहीतर लुडोचा पट घेऊन येतं, हा मोठा करून द्या म्हणतं, पोरं वर उभी राहून खेळली पाहिजेत. त्यातले बरेचसे आधी घरी करून बघून, कागद-शाई घालवून वैतागलेले असतात. बिघाड दरवेळी त्याच चार-पाच जागी असतो म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय.

आधी लक्षणं बघा, तुमचं कुठलं आहे ते

- ए४ चे कागद जोडताना पहिले दोन जुळतात, पुढे रेघा सरकत जातात, शेवटच्या कागदापर्यंत अर्धं घर गायब.
- सगळं नीट जुळलं पण माप कमी भरतंय. १० फुटी सांगितला होता, साडेनऊच्या आसपास आला.
- घरं चौरस न राहता आयत झालीत.
- पटाची एक बाजू रुंद, समोरची अरुंद. किंवा मधली घरं मोठी आणि कडेची बारीक.
- आकडे धुरकट, सापाच्या कडा पायऱ्या-पायऱ्यांच्या.
- चित्रावर जाळीसारखे पट्टे उठलेत जे मूळ पटावर नाहीत.
- मराठी अक्षरं फुटली, वेलांट्या भलतीकडे.
- फरशीवर आखलेला पट तिरका झाला, शेवटची ओळ लहान पडली.
- छापला झकास पण घरात पायच मावत नाही. (हे लक्षण सगळ्यात उशिरा कळतं, पट अंथरल्यावर.)

१. पट्टी लावा. फुकट आहे.

काहीही परत छापायच्या आधी मूळ पट आणि बिघडलेला पट दोन्ही मोजा. बाहेरच्या रेघेपासून बाहेरच्या रेघेपर्यंत, पुठ्ठ्याच्या कडेपासून नाही, कारण पुठ्ठा कापताना एकीकडे जास्त कोरा राहिलेला असतो. आडवं, उभं आणि दोन्ही कर्ण. शिवाय पहिल्या घराची आणि शेवटच्या घराची रुंदी. पट्टीचं टोक झिजलेलं असतं म्हणून शून्याऐवजी १० च्या खुणेपासून मोजा आणि नंतर १० वजा करा.

एवढ्या आकड्यांवरून बिघाड जवळजवळ कळतोच. आडवं-उभं दोन्ही सारख्याच प्रमाणात कमी भरत असेल तर प्रिंटची सेटिंग चुकली. एकच बाजू कमी असेल तर कुणीतरी चित्र एकीकडून ओढलंय. चारी बाजू बरोबर पण कर्ण वेगळे, तर पट कलंडलाय. आणि पहिलं घर मोठं, शेवटचं लहान असेल तर तो फोटोचा दोष, प्रिंटरला शिव्या देऊ नका.

२. प्रिंटची खिडकी

कागदाच्या पार कडेपर्यंत साधा प्रिंटर छापू शकत नाही, चारी बाजूंनी साधारण ४-५ मिमी कोरी सोडतो. म्हणून 'फिट टू पेज' चालू असलं की तो चित्र आक्रसून त्या कोऱ्या कडेच्या आत बसवतो. ए४ ची रुंदी २१० मिमी, दोन्हीकडचे ४-४ गेले की २०२ उरले, म्हणजे ९६ टक्के. दहा फुटाचे ९६ टक्के किती? नऊ फूट सात इंच. झालं, तुमचे ते साडेनऊ फूट इथून आले.

तर 'अॅक्च्युअल साइज' किंवा १०० टक्के निवडा. अॅक्रोबॅट रीडरमध्ये 'पोस्टर' नावाचा पर्याय असतो, त्यात किती टक्के मोठं करायचं, कागद एकमेकांवर किती चढवायचे आणि कापायच्या खुणा हव्यात का हे सगळं देता येतं, त्यासाठी वेगळं ॲप शोधत बसायची गरज नाही. मोबाइलवरून थेट प्रिंट देताना हे पर्याय बहुतेक वेळा दिसतच नाहीत, तेव्हा पीडीएफ करा आणि कॉम्प्युटरवर जा.

अजून एक लपलेलं कारण. नेटवरून उतरवलेले तयार पट पुष्कळदा अमेरिकन लेटर साइजचे असतात, २१६ बाय २७९ मिमी. आपल्या ट्रेमध्ये ए४. प्रिंटर गुपचूप लहान करून मोकळा होतो.

सगळे कागद छापायच्या आधी फाइलमध्ये एका कोपऱ्यात बरोबर १० सेमीची एक आडवी आणि एक उभी रेघ टाका आणि तेवढा एकच कागद १०० टक्क्यांवर छापा. मोजून दोन्ही १० भरल्या तरच पुढे. ९.६ भरली तर सेटिंगमध्ये अजून काहीतरी अडकलंय. पोस्टरला ३०० टक्के दिले की त्याच रेघा ३० सेमी भरायला हव्यात, हेही लक्षात ठेवा.

३. टक्क्यांचं गणित

'डबल करा' म्हणजे नक्की काय ते काउंटरवर सांगत चला. २०० टक्के म्हणजे बाजू दुप्पट आणि क्षेत्रफळ चौपट, ए४ चा ए३ करायला १४१ टक्केच लागतात. हिशोब सोपा आहे, हवी असलेली बाजू भागिले मूळ बाजू गुणिले १००. मूळ पट ३० सेमीचा, हवाय ९० सेमी, म्हणजे ३०० टक्के.

आता तो ए४ वर किती कागदांत बसेल? कोरी कड आणि दीड सेमीचा चढ वजा केला की एका कागदात कामाचं माप साधारण १८ बाय २७ सेमी उरतं. आडवे ५, उभे ४, एकूण २० कागद. ए३ वर तेच १२ मध्ये होतं. आणि थोडा हात आखडून ८८ सेमीचा केलात तर ३६ इंची, म्हणजे ९१ सेमीच्या प्लॉटर (रुंद रोलवर छापणारा प्रिंटर) रोलवर एका तुकड्यात निघतो, जोडायचं काही राहतच नाही. इंजिनिअरिंग किंवा आर्किटेक्चर कॉलेजजवळ ड्रॉइंगच्या प्रिंट काढणारे असतात त्यांच्याकडे असा प्लॉटर असतो. त्या दोन सेमीच्या हट्टापायी लोक वीस कागद चिकटवत बसतात, हे मला आजवर कळलेलं नाही.

४. जोडणी

सेटिंग बरोबर, टेस्टची रेघ बरोबर, तरी रेघा सरकतायत? मग कागद बघा. लेझर प्रिंटर किंवा झेरॉक्सच्या आत कागद गरम रुळांमधून जातो, त्यातला ओलावा उडतो आणि कागद किंचित आक्रसतो, तोही दोन्ही दिशांना सारखा नाही. काही कागद उभे आणि काही आडवे छापले असतील तर ते एकमेकांना जुळणारच नाहीत. पावसाळ्यात तर सकाळी छापलेले आणि संध्याकाळी छापलेले यांतसुद्धा फरक पडतो. म्हणून एकाच रिमचे कागद, एकाच दिशेने, एका बैठकीत छापा आणि तासभर एकत्र पसरून ठेवून मगच कापायला घ्या.

कापताना चारी बाजू कापू नका. प्रत्येक कागदाची उजवी आणि खालची कड कापायची, डावी आणि वरची ठेवायची, म्हणजे शेजारचा कागद तिच्यावर चढतो. चिकटवायला सुरुवात कोपऱ्यातून न करता मधल्या कागदापासून करा, चूक उरलीच तर ती चारी बाजूंना थोडी थोडी वाटली जाते, एका टोकाला साचत नाही. पातळ पांढरा डिंक नको, पाण्याने कागद फुगतो. ग्लू स्टिक किंवा डबल टेप.

५. फोटो आणि स्कॅन

इथपर्यंत सगळं ठीक असून घरं वेडीवाकडी असतील तर दोष मुळातच आहे. मोबाइल जरा तिरपा धरला की जवळची बाजू रुंद येते. फार जवळून काढला तर लेन्समुळे कडा बाहेर फुगतात. पट भिंतीला टेकवून उभा करा, चार-पाच फूट लांब जा, थोडा झूम करून समोरून काढा, फ्लॅश बंद. आणि तो फोटो व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबून साधारण १६०० पिक्सेलचा होतो. दहा फूट म्हणजे १२० इंच, एका इंचाला जेमतेम १३ पिक्सेल आले. उभं राहून बघायच्या फ्लेक्सला ५०-६० असले तरी चालतात, १३ ला सापाच्या अंगावर पायऱ्या दिसणारच.

स्कॅन केव्हाही बरा. पट ए४ स्कॅनरवर मावत नाही, म्हणून चार भागांत, भाग एकमेकांवर चांगले ५ सेमी चढवून. घडीचा पट असेल तर दाबून सपाट करा, नाहीतर घडीजवळचं घर उचललेलं राहतं, तिथे सावली आणि धूसरपणा येतो. ३० सेमीचा पट ६०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ६०० पिक्सेल) स्कॅन केला की सुमारे ७०८७ पिक्सेल मिळतात, दहा फुटांवर इंचाला ५९. आकड्यांत तरी उत्तम.

पण इथेच एक गोम आहे. मूळ पट ऑफसेटवर छापलेला असतो, म्हणजे रंगीत बारीक ठिपक्यांचा. स्कॅनरची आपली रांग आणि ठिपक्यांची रांग एकमेकांत अडकली की ते जाळीचे पट्टे उठतात. स्कॅनरमध्ये 'डीस्क्रीन' असेल तर चालू करा, पट्टे जातात. ठिपके मात्र पुरते जातातच असं नाही. दहापट मोठं केल्यावर ते मोहरीएवढे होतात आणि हसऱ्या सापाच्या तोंडावर देवीचे व्रण उठल्यासारखं दिसतं. डीपीआय कितीही वाढवा, मूळ छपाईत नाही ते स्कॅनमध्ये येणार नाही.

म्हणूनच माझं मत विचाराल तर तीनपटीच्या पुढे जायचं असेल तेव्हा चित्र मोठं करायच्या भानगडीत पडूच नका.

६. पट नव्याने आखा

लोकांना हे अवघड वाटतं, पण वरच्या पाच पायऱ्यांत जेवढा वेळ जातो त्यापेक्षा हे लवकर होतं. पट म्हणजे मुळात चौकटीच आहेत. त्या इंकस्केप (फुकट आहे) किंवा कोरल या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये रेघांनी काढल्या की कितीही फुटांवर नेल्या तरी कडा सुरीसारख्या राहतात, पिक्सेलचा प्रश्नच मिटला.

सापशिडी दहा बाय दहा. १ डावीकडे खाली, १० उजवीकडे, ११ बरोबर १० च्या डोक्यावर आणि तिथून उलटं डावीकडे २० पर्यंत, असं नागमोडी जात १०० डावीकडे वरच्या कोपऱ्यात. सगळ्या ओळी डावीकडून उजवीकडे आकडे टाकून मोकळे झालेले पट मी बघितलेत, दहावरून अकरावर जायला पोराला दहा फूट पळत जावं लागतं. साप-शिड्या चित्र बघून अंदाजाने काढू नका. आधी कागदावर यादी करा, शिडी कुठल्या घरातून कुठल्या घरात, सापाचं तोंड कुठे शेपूट कुठे, आणि मग टोकं त्या घरांच्या मध्यावर ठेवा. टोक रेघेवर आलं की खेळताना भांडण ठरलेलं.

लुडो लोकांना गोंधळात टाकतो कारण तो चौकटींचा वाटत नाही. पण तो १५ बाय १५ आहे. चार कोपऱ्यांत ६ बाय ६ ची चार घरं, मधे ३ बाय ३, आणि चार हात ३ बाय ६ चे. बाहेरून फिरायच्या वाटेत ५२ घरं, शिवाय प्रत्येक रंगाची आत जायची ५. बेरीज ७२ आली तर बरोबर आखलाय.

मोक्षपट करायचा असेल तर १०० गृहीत धरू नका. आपली सापशिडी ज्या ज्ञानाच्या, पाप-पुण्याच्या पटातून आली त्यातले जुने पट ७२ घरांचेही असतात, ८४ चेही. आधी घरं मोजा. नऊ आडवी आणि आठ उभी असलेला पट फ्लेक्सवाल्याने चौरसात कोंबला की घरं आयत होणारच, वरच्या यादीतलं तिसरं लक्षण बऱ्याचदा असंच येतं. शिवाय मोक्षपटात घराघरात गुण-दुर्गुणांची नावं असतात, आणि देवनागरीत वर रफार-मात्रा, खाली उकार, जोडाक्षरं, त्यामुळे नुसत्या आकड्यांपेक्षा उंची जास्त लागते.

अक्षरं फुटण्याचं कारणही इथेच सांगतो. तुमचा फाँट दुकानातल्या कॉम्प्युटरवर नसतो. तो दुसराच फाँट लावतो आणि 'क्रोध' चं काहीतरी भलतंच होतं. फाइल द्यायच्या आधी सगळी अक्षरं सिलेक्ट करून 'कन्व्हर्ट टू कर्व्ज' करा, इंकस्केपमध्ये तेच 'ऑब्जेक्ट टू पाथ'. एक प्रत न बदललेली वेगळी ठेवा, कारण कर्व्ज केल्यावर शुद्धलेखन सुधारता येत नाही.

एक्सेलमध्ये करणारे पण असतात. करा, पण तिथे ओळीची उंची आणि कॉलमची रुंदी वेगवेगळ्या एककात असतात, दोन्हीकडे २० टाकून चौरस मिळत नाही. 'पेज लेआउट' मध्ये जा, तिथे दोन्ही सेमीत देता येतात.

आणि घराचं माप आधी ठरवा, पटाचं नंतर. लहान पोराला उभं राहायला एक फुटाचं घर पुरतं, मोठ्यांना दीड फूट बरं. सापशिडी म्हणजे १० किंवा १५ फूट झाली. पण लुडोला १५ घरं आहेत! दहा फुटी फ्लेक्सवर लुडोचं घर फक्त ८ इंचाचं येतं, त्यात मोठ्या माणसाचं पाऊल मावत नाही. जागा तेवढीच असेल तर माणसांऐवजी रंगीत पाणी भरलेल्या बाटल्या सोंगट्या म्हणून फिरवा.

७. फरशीवर किंवा मैदानात आखताना

पहिला काटकोन ३-४-५ ने घ्या, एका बाजूला ३ फूट, दुसऱ्या बाजूला ४, तिरकं बरोबर ५ भरलं पाहिजे. चारी कोपरे झाले की कर्ण. दहा फुटी चौरसाचा कर्ण १४ फूट पावणेदोन इंच, दोन्ही सारखे. मग खुणा. इथे सगळे एक फूट मोजतात, खूण करतात, तिथून पुढचा एक फूट. दरवेळी दोन मिमी चुकलं तरी दहाव्या घराला दोन सेमी होतात. टेप एकदाच पसरा आणि १, २, ३ अशा सगळ्या खुणा त्याच शून्यापासून करा. दोरी फक्त रेघ सरळ यायला, मोजायला नाही, नायलॉनची दोरी ताणली की लांबते.

हॉलमध्ये टाइल्स असतील तर आखायचीच गरज नाही, सांध्यांवर रंगीत टेप मारा. फक्त 'दोन फुटी' टाइल बहुधा ६०० मिमीची असते, म्हणजे २३.६ इंच, दहा टाइल्सना जवळजवळ चार इंच कमी. टाइल मोजायची तर टाइलच मोजा, मधेच मोजायची टेप काढू नका. मैदानात फक्की मारणार असाल तर खेळाच्या दिवशी सकाळीच मारा.

कुठे थांबायचं

सेटिंग नीट करूनही दुसऱ्यांदा ए४ चे कागद जुळले नाहीत तर तिसऱ्यांदा छापू नका. पीडीएफ घेऊन प्लॉटरवाल्याकडे जा, एवढ्या टोनरच्या पैशात तो देतो.

एका मीटरच्या वर फ्लेक्सवाल्याचंच काम. रोलची रुंदी आधी विचारा, पट त्याहून रुंद असेल तर जोड येणार, तो जोड घरांच्या रेघेवर घ्यायला सांगा आणि जोड मशीनवरच मारून घ्या, घरी टेप लावलेला जोड पोरांच्या पायात अडकतो. रंगांसाठी आधी वीतभर तुकडा छापून घ्या, स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा-निळा छपाईत मळका येतो, त्याला इलाज फाइलमध्ये आहे, छापून झाल्यावर नाही. ओल्या गच्चीवर फ्लेक्स अंथरायचा नाही, घसरगुंडी होते.

शाळेच्या आवारात कायमचा पट रंगवायचा असेल तर पेंटर बोलवा. जमिनीचा रंग वेगळा असतो, खाली घासून तयारी करावी लागते, आणि साधा ऑइल पेंट पावसात निसरडा होतो.

घरातला जुना, हाताने रंगवलेला, कापडी किंवा कागदी पट असेल तर स्कॅनरच्या काचेवर दाबू नका, झेरॉक्स मशीनमध्ये तर अजिबात नको. रंगाचे पोपडे निघतात आणि ते परत बसवता येत नाहीत. संग्रहालयात किंवा जुन्या ग्रंथालयात जतनाचं काम करणाऱ्या माणसाला दाखवा, तोपर्यंत सपाट ठेवा, घडी घालू नका.

आणि मोठा केलेला पट विकायचा विचार असेल तर थांबा. दहा बाय दहाच्या चौकटी कुणाच्या मालकीच्या नाहीत, पण कंपनीने काढवून घेतलेली चित्रं आणि खेळाचं नाव असू शकतं. तिथे वकिलाला विचारा, मला नको.

दुकानात फाइल देताना चिठ्ठीवर एवढं लिहून द्या: बाहेरच्या रेघेचं माप आडवं आणि उभं, एका घराचं माप, 'स्ट्रेच करू नये', जोड कुठल्या रेघेवर, आणि चारी बाजूंना तीन इंच कोरी पट्टी, कारण कोपऱ्यांना रिंगा त्या पट्टीत ठोकायच्या असतात, १०० च्या घरात नाही.